बुडिताची रेघ

नाल्यावर तलाव होणार, ही गोष्ट बोरखेडीत भिवाजी लहान होता तेव्हापासून बोलली जात होती. त्यामुळे त्या वैशाखात सिंचाई विभागाचा तंबू शाळेमागच्या कडुलिंबाखाली पडला तेव्हा सुरुवातीला कोणी फारसं मनावर घेतलं नाही. तंबूत एक ओवरसियर होता, सागरकडचा, दुबे नावाचा. त्याच्याजवळ तिपाईवर बसवायची दुर्बीण होती आणि दोन पुरुष उंचीची, काळ्या-तांबड्या आकड्यांची लाकडी पट्टी. तलाव भरला म्हणजे पाणी कुठवर चढेल, ते तो शोधत होता. पट्टीवाल्याला हाताने वर-खाली सरकवून तो दुर्बिणीतून पाही आणि पाहिजे तो आकडा आला की तिथं खुंटी ठोकून तिच्यावर चुना मारायला सांगे. चुन्याच्या खुंट्यांची ती ओळ म्हणजे पाण्याची हद्द. तिच्या खालचं सगळं बुडीत.

पट्टी धरायला गावातला माणूस पाहिजे होता. भिवाजी स्वतः जाऊन उभा राहिला. घरी त्याच्या बायकोने, अंबाबाईने विचारलं, की संत्र्याच्या झाडांवर आंब्या बहार आहे, फळं बोराएवढी झाली आहेत, अशा दिवसांत बगीचा टाकून तुम्ही सरकारच्या मागं काहून हिंडता. भिवाजी म्हणाला, रेघ कुठून जाते ते आपल्या डोळ्यानं पाहिलेलं बरं.

ओलिताचं काम मग विनायकवर आलं. तो त्यांचा एकुलता एक. सौंसरच्या शाळेतून हायर सेकंडरीची परीक्षा देऊन तो घरी होता. विज्ञान शिकवणाऱ्या रघुनाथराव मास्तरांनी त्याला इंजिनियरिंगच्या प्रवेश परीक्षेलाही बसवलं होतं. नागपूर जवळ, पण ते दुसऱ्या राज्यात. इकडच्या, मध्यप्रदेशातल्या पोराला इंजिनेर व्हायचं तर जबलपूर नाही तर रायपूर, असं मास्तरांनी भिवाजीला समजावून सांगितलं होतं. भिवाजीने तेव्हा हो म्हटलं. इंजिनेर म्हणजे वीजमंडळाचा साहेब, जीपमध्ये बसून येणारा आणि खांबावर माणसं चढवणारा, एवढंच त्याच्या डोळ्यांपुढं होतं.

विनायक पहाटे उठून इंजिनाला हॅंडल मारी. दोनदा-तीनदा उलटं फिरून हॅंडल मनगटाला झटका देई, मग धूर ओकत इंजिन सुरू होई आणि दांडातून पाणी धावायला लागे. फावडं घेऊन तो एकेका झाडाचं आळं फोडी, भरलं की माती ओढून बुजवी. विहीर बगीच्याच्या अगदी खालच्या अंगाला, नाल्याजवळ होती. पाणी तिथंच लागलं होतं. ती भिवाजीने आणि शेजारच्या देवकाबाईच्या नवऱ्याने मिळून खोदली होती. देवकाबाईचा नवरा पुढे वारला, मूलबाळ नव्हतं, पण विहिरीत तिचा अर्धा हिस्सा होता आणि ठरलेल्या पाळीला ती आपल्या कपाशीला पाणी घेई.

ज्येष्ठ लागला तशी खुंट्यांची ओळ नाल्याच्या काठाकाठाने वर सरकत आली. पुंडलिकरावांचं ज्वारीचं वावर गेलं. गायरानाचा तुकडा गेला. एका सकाळी कामावर जाताना भिवाजी विनायकला म्हणाला, "खालच्या दोन ओळीले पाणी नोको देऊ." का ते त्याने सांगितलं नाही. विनायकने त्या दोन ओळी कोरड्या ठेवल्या. आठवड्याभरात त्या झाडांची पानं गुंडाळायला लागली आणि बोराएवढी हिरवी फळं खाली पडून काळी झाली.

त्याच दिवसांत प्रवेशाचं पत्र आलं. जबलपूरला जागा मिळाली होती, सिविलमध्ये. रघुनाथराव मास्तर स्वतः सायकलने बोरखेडीला आले, अंबाबाईने त्यांच्या हातावर साखर ठेवली. भिवाजी संध्याकाळी पायाची माती धुऊन जेवायला बसला तेव्हा त्याने सहज विचारलं, सिविल म्हणजे विजेचं का.

"नाही बाबा. रस्ते, पूल. इमारती."

"अन्?"

"धरणं. तलाव."

भिवाजीने हातातला घास ताटात ठेवला आणि पाणी प्यायलं. मग तो अंबाबाईशी बोलल्यासारखं बोलला, की नागपूरले मामा हाये, मामाच्या घरी राहून बी.एस्सी. करता येते, सौंसरच्या शाळेत मास्तरची जागा निघतच असते. दुनियेत दुसरे धंदे नसल्यासारखं लोकाइची वावरं बुडवाचा धंदा कोणी शिकते का. अंबाबाई कोणाचीच बाजू न घेता चुलीपुढं बसून राहिली. विनायकला तलावाबद्दल फारसं काही वाटत नव्हतं. पण त्या दुर्बिणीकडे तो रोज बांधावरून पाहत असे. एका जागी उभं राहून अर्ध्या कोसावरच्या दोन ढेकळांत कोणतं उंच ते सांगता येतं, याचं त्याला मनापासून नवल वाटे. हे बापाला कसं सांगायचं ते त्याला कळत नव्हतं.

ओळ बगीच्याला येऊन भिडली त्याच्या आदल्या दिवशी दुबेचे डोळे आले. गावात साथच होती. दुसऱ्या सकाळी तो काळा चष्मा लावून आला, पण पापण्या चिकटलेल्या, गालावर पाणी वाहत होतं. दुर्बिणीला डोळा लावला की त्याला नुसता धूर दिसे. काम थांबवलं तर पावसाच्या आधी आटोपत नव्हतं. दांडावर फावडं घेऊन उभ्या असलेल्या विनायककडे पाहून त्याने भिवाजीला विचारलं, "आपका लड़का आँकड़ा पढ़ लेगा न?" आणि उत्तराची वाट न पाहता त्याला हाक मारली.

दुबेने त्याला स्क्रू फिरवायला शिकवलं, आडवी बारीक तार दाखवली, कोणता आकडा तारेवर आला म्हणजे सांगायचं ते सांगितलं. बाकी मला विचारायचं नाही, आला की आला म्हण, असं म्हणून तो बाभळीच्या विरळ सावलीत डोळ्यांवर ओला रुमाल टाकून बसला.

विनायकने डोळा लावला. त्या दुर्बिणीत सगळं उलटं दिसत होतं. काळी जमीन वर, पांढरं आभाळ खाली आणि मध्ये डोकं खाली करून त्याचा बाप पट्टी धरून उभा. त्याला आधी हसू आलं. मग त्याने हात हलवला आणि भिवाजी विहिरीकडून वर, झाडांच्या दिशेने एकेक पाऊल सरकू लागला. आकडे तारेजवळ येत चालले. विहिरीच्या वर, दुसरी ओळ ओलांडली की पाहिजे तो आकडा येणार हे विनायकच्या लक्षात आलं. भिवाजीच्याही आलं असावं. तो थांबला आणि परत खाली गेला, विहिरीच्याही खालच्या अंगाला, आणि तिथं पुन्हा पट्टी उभी केली.

आकडा बरोबर तारेवर होता.

असं कसं झालं, म्हणून विनायकने काच नीट केली. पट्टीचं खालचं टोक जमिनीवर नव्हतं. ते भिवाजीच्या उजव्या पायाच्या पंजावर होतं, म्हणून खालची जमीन तेवढी उंच भरत होती. चपला त्याने काढून ठेवल्या होत्या. अंगठ्याचं काळं पडलेलं नख, टाचेकडे गेलेल्या भेगा, लाकडाच्या भाराने पांढरी पडलेली कातडी, सगळं अगदी हाताशी असल्यासारखं दिसत होतं. भिवाजी दुर्बिणीकडे पाहत नव्हता. मान वळवून तो विहिरीच्या काठाकडे पाहत होता.

"क्या हुआ, आया?" दुबेने रुमालाखालून विचारलं.

विनायकने डोळा काचेवरून काढला नाही.

"आया," तो म्हणाला.

खुंटी ठोकली गेली. चुना लागला. तशाच आणखी दोन लागल्या, आणि विहीर आणि बगीचा दोन्ही रेघेच्या वर राहिले.

त्या दिवशी घरी परतताना बापलेक पुढं-मागं चालले. भिवाजी उजवा पाय जरा ओढत होता. दारात पोचल्यावर मागं न पाहता म्हणाला, "उद्यापासून खालच्या ओळीलेबी पाणी देजो."

बगीचा बचावला ही बातमी गावभर झाली. अंबाबाईने जामसांवलीच्या मारुतीला नारळ कबूल केला. पुंडलिकरावांनी मात्र पारावर बोलून दाखवलं, की ज्याच्या हातात पट्टी त्याचं वावर वर, अन् ज्याचा पोरगा इंजिनेर त्याची विहीर वर. भिवाजी ते ऐकूनही उठला नाही, तंबाखू मळत बसून राहिला.

खालच्या ओळीत पाणी सोडताना विनायक विचार करी, की तलाव भरेल तेव्हा पाणी काही खुंटीला विचारून थांबणार नाही. ते विहिरीत शिरेल आणि सरकारी नकाशात तर विहीर बुडिताच्या बाहेर. मग तिची भरपाई कोण देणार? एका दुपारी दोघं आळी बांधत असताना त्याने हे बापाला बोलून दाखवलं.

"मले समजत नाही का?" भिवाजी म्हणाला. त्याने फावडं थांबवलं नाही. "तीस वर्सं पाणी वळवून राहिलो मी. ते कुठं जाते ते तू मले सांगतं?"

मग तो तुटक तुटक बोलत राहिला. तलाव होईन का नाही कोणाले माहीत. पण एकदा खुंटी लागली का वावर मेलं. कोणी घेत नाही, बॅंक इंजिनाले कर्ज देत नाही, व्यापारी बहाराचा सौदा करत नाही. दहा वर्सं तसंच सडते. त्यापेक्षा दहा वर्सं संत्रा खाऊ, मंग पाहू. विनायकला यातही खोटं काही दिसेना.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी देवकाबाई आली. विनायक इंजिनात डिझेल ओतत होता. ती बांधावर टेकली, पदराने तोंड पुसलं. कपाशीत आता काही राहिलं नाही, ती म्हणाली, औषधं मारून मारून हात सोलले. नवऱ्याच्या मनात संत्रा लावायचं होतं, पण तलावाच्या भेवानं तिने कधी धीर केला नाही. आता विहीर वाचली. शेंदूरजनाघाटाच्या रोपवाल्या माणसाला संत्र्याच्या कलमा सांगायच्या होत्या. त्याच्या आधी तिला एक विचारायचं होतं.

"तू त्या दुर्बिणीतून पाह्यलं म्हणते. लोकं काईबी बोलतेत. तू सांग बापू, विहीर राहते ना?"

तिच्या मागं, बांधावर, भिवाजी वाळल्या फांद्या छाटत होता. कोयत्याचा आवाज थांबला.

"राहते काकू," विनायक म्हणाला.

"मंग झालं," देवकाबाई म्हणाली आणि गुडघ्यावर हात ठेवून उठली. कोयता परत चालू व्हायला बराच वेळ लागला.

दुसऱ्या दिवसापासून ती खड्डे खोदायला लागली. मजूर लावला नाही. उन्हाने दगड झालेली काळी जमीन, लोखंडी सब्बल मारली तर नुसती ठिणगी उडे. ती सब्बल मारी, बसे, हाताने माती काढी, पुन्हा उठे. दुपारी लूच्या झळा सुटल्या म्हणजे डोक्याला ओलं फडकं बांधून खड्ड्यातच सावलीला बसे. विनायक पाणी देताना त्या बाजूला पाठ करून उभा राहू लागला, पण सब्बलीचा आवाज ऐकूच येई. अंबाबाईने एकदा तिला भाकर नेऊन दिली. परत येऊन म्हणाली, हाताले चिंध्या बांधून खंदून राहिली बाई, चिंध्या लाल झाल्या. भिवाजी तेव्हा जेवत होता. त्याने ताटात हात धुतले.

जबलपूरला जायचा दिवस जवळ येत होता. रघुनाथराव मास्तर निरोपावर निरोप पाठवत होते, की सामानाची पेटी घ्या, दाखले काढा. विनायकला वाटे, आपण कुठंच जाऊ नये. ज्या कामात पहिल्याच दिवशी आपण खोटं बोललो ते काम जन्मभर करायचं कसं? आणि नागपूरला बी.एस्सी. करून मास्तर झालो, तरी ही बाई कलमा लावणारच. झाडं फळावर येतील आणि पाणी येऊन विहीर बुडवेल. तेव्हा आपण सौंसरच्या शाळेत खडू घेऊन उभे असू.

देवकाबाईच्या नवव्या-दहाव्या खड्ड्याच्या दिवशी तो बापाजवळ गेला. भिवाजी दांड साफ करत होता.

"बाबा, मी दुबेसाहेबाकडे जाऊन राहिलो."

भिवाजीने गाळाचं एक फावडं वर टाकलं, दुसरं टाकलं. मग फावड्याच्या दांड्यावर दोन्ही हात ठेवून तो उभा राहिला. देवकाबाईच्या वावराकडे त्याने पाहिलं नाही, पण कान तिकडेच होते.

"माह्यं नाव सांगजो," तो म्हणाला.

"आकडा मी सांगतला, बाबा."

"पाय माह्या होता."

विनायक गेला. तंबूत दुबे चहा पीत होता. डोळे बरेच निवळले होते. विनायकने उभ्याउभ्या सांगितलं, की विहिरीजवळचे आकडे त्याने चुकीचे वाचले, काच नीट बसवता आली नाही. पायाचं त्याने सांगितलं नाही. दुबे वीस वर्षं खुंट्या ठोकत आला होता. एकाच वावरात तीन आकडे चुकतात आणि तेही वाचणाऱ्याच्या बापाच्या वावरात, याचा अर्थ त्याला सांगायची गरज नव्हती. तो ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. तंबूतल्या दोन मजुरांसमोर त्याने शांतपणे विचारलं, "जबलपुर जा रहे हो न? सिविल में? कल को पुल बनाओगे तो भी ऐसे ही पढ़ोगे?" मजूर खाली मान घालून हसले. कॉलेजला कळवलं तर जागा जाऊ शकते, असंही दुबे म्हणाला आणि कळवणार की नाही ते न सांगता त्याने त्याला जायला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुबेने बगीच्यासमोर पुन्हा तिपाई रोवली. पट्टीला त्याने पुंडलिकरावांच्या गड्याला बोलावलं होतं. पट्टी उचलणार तोच भिवाजी पुढं आला आणि त्याने ती गड्याच्या हातून घेतली. दुबेने दुर्बिणीला डोळा लावला. भिवाजीने धोतर गुडघ्यापर्यंत खोचलं, पाय पट्टीपासून लांब ठेवले, पट्टी जमिनीवर टेकवली आणि खालचं गवत हाताने उपटून टाकलं, की दुरूनही टोक दिसावं. दुबे हात हलवी तसा तो सरकत गेला. विहीर मागं पडली. पहिली ओळ मागं पडली. दुसऱ्या ओळीच्या वर दुबेने हात खाली केला. खुंटी भिवाजीनेच ठोकली. एका घावात बसली नाही, मूळ लागलं होतं. त्याने ती काढली, बोटभर बाजूला घेतली आणि पुन्हा ठोकली.

विनायक हे सगळं इंजिनाजवळून पाहत होता. बापाने त्याच्याकडे एकदाही पाहिलं नाही.

देवकाबाईला कोणी सांगावं लागलं नाही. चुन्याची खुंटी तिला तिच्या वावरातून दिसत होती. ती खड्ड्याच्या काठावर पाय खाली सोडून बसली होती. विनायक तिच्यापर्यंत गेला आणि खड्ड्याजवळ उभा राहिला. तिने हाताच्या चिंध्या सोडल्या, तळहात त्याच्यासमोर धरले.

"तवाच सांगतलं असतं तं एवढे हात तरी वाचले असते, पोरा."

एवढंच ती बोलली. पण त्यानंतर कितीतरी दिवस ती पाळीचं पाणी घ्यायला आली नाही. शेवटी अंबाबाई गेली, तिच्याजवळ बसली, दोघी काय बोलल्या ते कोणाला कळलं नाही, आणि तिसऱ्या दिवशी देवकाबाईने दांडाचं तोंड फोडून आपल्या कपाशीला पाणी नेलं. कलमांचा विचार तिने सोडून दिला. खड्डे पहिल्या पावसाने भरले ते तसेच राहिले.

कॉलेजकडून काही पत्र येतं का, याची विनायक रोज वाट पाही. पोस्टमन वेशीत दिसला की तो सामोरा जाई. पत्र आलं नाही. दुबेने तंबू उठवला तेव्हा तो भिवाजीला राम राम करून गेला. विनायकबद्दल त्याने बरं-वाईट काही म्हटलं नाही. आणि मग एका सकाळी भिवाजीने आपणहून माळ्यावरची लोखंडी पेटी काढली, राखेने घासली आणि वाळायला अंगणात ठेवली. नागपूरचं नाव घरात पुन्हा निघालं नाही.

जायच्या दिवशी भिवाजी पोचवायला आला. सौंसरहून एसटी नव्हे, मध्यप्रदेशची लाल-पिवळी बस, खिडक्यांना काच नसलेली. पांढुर्णा येईपर्यंत पेटी त्याने मांडीवरच धरली होती. स्टेशनवर इटारसीकडची गाडी उशिरा होती. प्लॅटफॉर्मच्या टोकाला दोघं पेटीवर बसले. तिगावकडून मालगाडी आली आणि न थांबता गेली. भिवाजीने अंबाबाईने दिलेल्या दशम्या सोडल्या. विनायकने अर्धी खाल्ली, बापाने तीही खाल्ली नाही.

"तिथं," भिवाजी म्हणाला आणि थांबला. किती दिवसांनी तो त्याच्याशी सरळ बोलत होता. "तिथं शिकवतीन, पाणी कुठंवर येते ते."

"हो."

"अन् लोकाइनं कुठं जावं, ते? तेबी शिकवतेत का?"

विनायकने विचार केला. प्रवेशाच्या पत्राबरोबर विषयांची नावं आली होती, ती त्याला पाठ होती. त्यात असलं काही नव्हतं.

"माहीत नाही, बाबा."

भिवाजीने मान हलवली. सिग्नल पडला. लोक उठले, गर्दी कडेला सरकली. गाडी थांबली तेव्हा साध्या डब्याच्या दारात पाय ठेवायला जागा नव्हती. भिवाजीने पेटी डोक्यावर घेतली, खांदा घातला, दोघा-तिघांच्या शिव्या खात आत शिरला, पेटी बाकाखाली ढकलली आणि विनायकला तिच्यावर बसवून पुन्हा तसाच बाहेर आला. त्याच्या सदऱ्याची बाही फाटली होती.

गाडी हलली तेव्हा तो खिडकीचा गज धरून दोन पावलं बरोबर चालला.

"विचारजो त्याइले," तो म्हणाला. "मास्तर लोकाइले. मले सांगजो."

आणि त्याने गज सोडला.